लहानीने ठेवलेली नावं

लहानी भोईरला नावं ठेवल्याशिवाय जेवण पचत नसे. सुनेची भाकरी जाड, शहापूरच्या बाजारातली मिरची फिकी, सरपंचाने बांधलेली मोरी उताराच्या उलट. तानसा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पारशी शेठचा जुना बंगला आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिथल्या बागेत राबत होती, आणि बंगल्यावर येणाऱ्या प्रत्येकात तिला काही ना काही खोट सापडलेली होती. सगळ्यांत मोठी खोट शेठाणीत. बाई आंधळीच, असं तिचं ठाम मत.

त्याला कारणही होतं. तेहतीस वर्षांपूर्वी वैशाखात ती चुलत नणंदेच्या लग्नाला मुरबाडकडे गेली आणि आठ दिवस तिथेच रमली. परत येऊन बघते तर पायरीजवळचा गुलाब वाळून काटकी झालेला. शेठाणीच्या आजेसासूने लावलेलं झाड ते! आता काम जाणार म्हणून लहानीला घाम फुटला. पहिला पाऊस पडताच ती किन्हवलीला माहेरी गेली, आईच्या परसातल्या गावठी गुलाबाच्या दोन काड्या तोडून आणल्या आणि त्याच खड्ड्यात खोचल्या. एका काडीने जीव धरला. हिवाळ्यात शेठाणी आली, पहिलंच फूल नाकाशी धरून म्हणाली, "लहानी, छाटणी मस्त केलीस हां. अगदी तोच वास!"

लहानी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरामागे गेली आणि पोट धरून हसली. पुढे शेठाणी वारली, तरी लहानीला ते आठवलं की हसू यायचंच.

गेल्या माघात ठाण्याहून दोघं आली. जगदीशराव बँकेतून निवृत्त झालेले, डोक्यावर हॅट, जुन्या गुलाबांचे जाणकार म्हणून त्यांच्या मंडळात मोठा मान. सोबत मिताली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. जुन्या बागांतले गुलाब शोधायचे आणि त्यांची खरी नावं लावायची, हे त्यांचं काम. जगदीशरावांनी पुस्तकातलं चित्र झाडाशेजारी धरलं आणि पाच मिनिटांत जाहीर करून टाकलं, "लेडी विंटरबोर्न! दीडशे वर्षांपूर्वीची विलायती जात."

मिताली भिंगातून फांदी बघत होती. "सर, पुस्तकात लिहिलंय, काटे जवळपास नसतातच. इथे तर बोट ठेवायला जागा नाही."

"हवामान गं, हवामान," जगदीशराव म्हणाले.

महिन्याभरात दोघं पितळेचा फलक घेऊन हजर. आता मात्र लहानीला राहवेना.

"कसली लेडी न काय! ती बाई माझ्या हातून कवाच मेली. ही माझ्या आयशीच्या परसातली." आणि तिने सगळं सांगून टाकलं, लग्नातले आठ दिवससुद्धा.

जगदीशराव समजुतीने हसले. "मावशी, तुमची गल्लत होतेय."

त्या हसण्याने ती पेटली. "गल्लत? चला किन्हवलीला. तुमची लेडी उकिरड्यावर कशी नांदते ती दाखवते."

गाडीतून तिघं किन्हवलीला गेली. लहानीची आई भागी, ऐंशी ओलांडलेली, अंगणात वाल सोलत बसली होती. उकिरड्याच्या कडेला गुलाब फुलला होता. मितालीने पान, काटा, फूल, सगळं बंगल्यावरून आणलेल्या फांदीशी लावून पाहिलं. तसूभरही फरक नव्हता.

"बघितलंत? गावठी!" लहानी कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

मिताली भागीजवळ टेकली. "आजी, हे झाड तुम्ही कुठून आणलंत?"

भागीने आधी लेकीकडे बघितलं, मग हातातल्या शेंगेकडे. "आता शेठ बी नाय, शेठाणी बी नाय. सांगायला काय भ्याव? ही लहान व्हती तवा मी तानशाला बहिणीकडं ऱ्हाऊन बंगल्यावर खत वाहायची. पायरीपाशी गुलाब व्हता. त्याची काडी मोडली न टोपलीत शेणाखाली लपवून आणली."

"मला कधी बोलली नाय तू!"

"चोरी व्हती गो. लेकीला काय सांगू? न तू तरी कुठं बोललीस, झाड मारलं ते?"

तेहतीस वर्षं दोन्ही झाडांची फुलं लहानीने हातांनी खुडली होती, पण एकाचा वास दुसऱ्याशी ताडून बघावा एवढंही तिला कधी सुचलं नव्हतं. शेठाणीने एका हुंगण्यात ओळखलं होतं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

जगदीशराव खूश. "म्हणजे माझं नाव खरं ठरलं!"

"नाही सर," मिताली म्हणाली. "झाड बंगल्याचं ठरलं. नाव नाही ठरलं. काटे आहेत तसेच आहेत." तिने वहीत 'नाव अज्ञात' असं लिहिलं आणि खाली भागीची चोरी आणि लहानीचे आठ दिवस, दोन्ही नोंदवले.

"असलं कसलं लिहितेस? शोभतं का?"

"यातलं एवढंच तर खात्रीने माहीत आहे आपल्याला, सर."

तरीही फलक लागलाच. शेठच्या नातवाने बंगल्याच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्यात. त्याला विलायती नाव फार आवडलं. पाहुणे येतात, लेडीशेजारी उभे राहून फोटो काढतात. लहानी बाजूला आळं उकरत असते. कुणी उभ्याउभ्याच, मोबाइल पुढे धरून विचारलं, की ती फलकाकडे बोट दाखवते, "ल्हेलंय तिथं, वाचा," म्हणते आणि जगदीशरावांच्या हॅटसकट सगळ्यांचा उद्धार करते. पण एखादी बाई नीट शेजारी बसून विचारू लागली, तर लहानी खुरपं खाली ठेवते आणि मुरबाडच्या लग्नापासून सुरुवात करते.