मांडीवरचं तिकीट आणि वाळूवरचं टेबल

महागाच्या ट्रिपचे फोटो असतात, काटकसरीच्या ट्रिपचे किस्से! फोटो एकदा पाहिले की संपले. किस्से मात्र वाढत जातात. आमच्या भोकरदनच्या भिशीत तर दर महिन्याला चहासोबत ते नव्यानं तळून निघतात. बाकीच्या पोट धरून हसतात. हसते मीही. फक्त मला हसता हसता वाटत असतं, हे आपल्यासोबत झालं तर?

यंदा झालंच.

*

त्या महिन्याची भिशी माझ्या घरी होती. चिठ्ठी लहान लेकराच्या हातानं काढायची, ही आमची पद्धत. लहान लेकरू म्हणजे माझी ओवी, दोन वर्षांची व्हायला अजून थोडे महिने बाकी. तिनं डब्यात हात घालून पहिली चिठ्ठी तोंडात टाकली. ती मी बोटानं काढली (शाई पोटात गेली असेल का?). मग तिनं दुसरी काढली. उघडली तर माझंच नाव!

"घरचाच अंपायर!" शबाना ओरडली. "बाजी, ये तो मॅच फिक्सिंग है!"

पैशाचं काय करणार, असं विचारल्यावर शहाण्या बाईनं फ्रीज म्हणावं. मी म्हणाले, "हनिमून."

सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ओवीकडे. ओवी माझ्या कडेवर होती, तेवढी एकच बोलत होती.

त्याचं असं झालं होतं की लग्नानंतर आम्ही अंदमानची तिकिटं बघायला बसलो आणि त्याच आठवड्यात मला उलट्या सुरू झाल्या. अंदमान राहिलं ते राहिलंच. आता घाई एवढ्यासाठी, की दोन वर्षांच्या आतलं लेकरू विमानात मांडीवर बसतं, जवळपास फुकट. दोन पूर्ण झाली की वेगळी सीट, वेगळं तिकीट! म्हणजे ओवीच्या वाढदिवसाच्या आत जाऊन यायचं, नाहीतर हनिमून थेट तिच्या लग्नानंतर.

तेवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमचा बी झाल्ता हनिमून."



"राजूरच्या गणपतीला गेल्तो. एसटीनं. हे कंडक्टर, यांच्याच ड्यूटीच्या गाडीत. माह्या शेजारी माही सासू, मागं दोन नणंदा."

"मंग अण्णा काही बोलले का न्हाई तुमच्याशी?" शबानानं विचारलं. अण्णा म्हणजे माझे सासरे.

"बोलले की. राजूर आल्यावर म्हणले, 'राजूर! उतरा जल्दी!' ते बी सगळ्या गाडीला."

*

सल्ले सुरू झाले. पहिला शबानाचा. ही कपडे शिवते, नवऱ्याचं मोबाइलचं दुकान. अंदमानला तीच आमच्यात सगळ्यात स्वस्तात जाऊन आलेली.

"पावसाळ्यात जा बाजी. हॉटेल आधे में पडता. गर्दी बिलकुल न्हाई."

"आणि फिरणं?"

"फिरणं कसलं? समुद्र खवळल्ता, बोटी बंद. सगळे दिवस रूममध्ये मोबाइलवर लुडो खेळलो. सगळे डाव मी जिंकले. तिसऱ्या दिवशी याने रुसून उशी उचलली आणि सोफ्यावर जाऊन झोपला. हनिमूनला!"

"अगं, मग एवढं स्वस्त म्हणून सांगतेस कशाला?"

"सस्ता इसलिए था बाजी, के बंद था!"

त्या दिवसापासून मी रोज सकाळी उठल्याबरोबर अंदमानचं हवामान बघायला लागले. जायला अजून दोन महिने होते.

*

दुसरा सल्ला सुरेखाताईंचा. त्या शाळेत शिकवतात, आमच्यात वयानं मोठ्या. म्हणाल्या, "हॉटेल करूच नको. ओळख काढ. आम्ही काढल्ती."

टेंभुर्णीचे त्यांचे लांबचे कुणी नोकरीनिमित्त अंदमानला होते, सरकारी क्वार्टरमध्ये. राहणं फुकट, जेवणं फुकट. फक्त त्या घरच्या वहिनींनी फोनवर एक छोटीशी विनंती केली होती. "येताना उडदाच्या पापडाचं पीठ आणता का? इथं आपल्यासारखं मिळत न्हाई हो."

सुरेखाताईंनी आणलं. विमानात चालतं तेवढं सगळं वजन पिठाचं. स्वतःचे कपडे नवऱ्याच्या बॅगेत, नवऱ्याचे कपडे त्याच्या अंगावर, एकावर एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पोळपाट घेऊन समोर बसल्या. "तुम्ही आल्याच आहात, तर हात लावता का जरा?"

ताई हनिमूनला जाऊन त्या घरचे वर्षाचे पापड लाटून आल्या! त्यात समुद्राची दमट हवा. पापड काही वाळेनात. मग दिवसभर राखण.

त्यांच्या अल्बममध्ये एकच फोटो बरा आलाय. मागं निळाशार समुद्र, पुढं खाट, खाटेवर पापड, आणि पापडावरचे कावळे हाकलणारा नवरदेव.

*

हे ऐकून मी आमच्या ह्यांना, म्हणजे सचिनला, सांगितलं की हॉटेलच करायचं. सचिन जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे. तो कुठलीही वस्तू पूर्ण किमतीत घेत नाही. घेतली तर त्याला झोप येत नाही.

माझी अडचण वेगळी होती. ओवीला पाण्याजवळ धरणार कोण? मी तर पाण्याला भिते. हा मोबाइलमध्ये. ओवी कुणालाच भीत नाही. मी रोज रात्री स्वप्नात तिला लाटेतून बाहेर काढत होते.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मी येते. काहून एवढी काळजी करून राह्यली तू?"

अण्णा पेपरामागून म्हणाले, "मंग मी इथं एकटा काय करू?"

लेकरू मांडीवर फुकट जातं म्हणून निघालो होतो, आणि मांड्या चार झाल्या!

पण सचिनच्या डोळ्यात चमक आली. हॉटेलच्या वेबसाइटवर ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती. त्यानं दोन्ही खोल्या अण्णांच्या नावावर घेतल्या.

या सगळ्यात मी माझ्यासाठी एकच गोष्ट मागितली होती. त्या हॉटेलात एका संध्याकाळी समुद्रकाठी वाळूवर दोघांसाठी टेबल लावतात. चारी बाजूंनी पांढरे पडदे, कंदील, फुलं. बाकी मी घरून नेलेल्या दशम्या खाईन, रिक्षाऐवजी चालेन, शंखशिंपल्याच्या दुकानात पाऊल ठेवणार नाही. पण ते टेबल पाहिजे.

सचिननं तेही घेतलं. सवलतीत. अण्णांच्या नावावर.

"अहो, नाव बदलून घ्या ना."

"नाव बदललं की सवलत जाते. नाव अण्णांचं, जेवण आपलं. तिथं कोण बघून राह्यलं?"

मी नाद सोडला. आपण जरा जास्तच काळजी करतो, असं सगळेच म्हणतात. असेल.

*

संभाजीनगरच्या विमानतळावर काउंटरच्या मुलीनं हसून विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

तेवीस महिन्यांचं. नियमात बसणारं. जन्मदाखल्याची प्रत मी प्रत्येक बॅगेत एकेक ठेवली होती, एक तर टिफिनमध्येही. खरं सांगितलं असतं तरी काम होत होतं. पण मागं एवढी माणसं, पुढं काउंटर, आणि सचिनला लहानपणापासूनची एसटीत वय कमी सांगायची सवय! तो पटकन म्हणाला, "सहा महिने."

त्याच क्षणी ओवी कडेवरून म्हणाली, "बाबा, ते बघ, मोठ्ठं विमान! आपलंय का?"

मुलगी ओवीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सगळ्यांना परत पाठवणार, टेबल गेलं.

आणि मागून अण्णांचा आवाज आला. अख्खी नोकरी त्यांनी अर्ध्या तिकिटाची लेकरं पकडण्यात घालवली. त्यांना राहवलं नाही.

"सहा महिन्याचं? दात मोजा मॅडम, दात!"

"अहो अण्णा, तुमचीच नात हाय!" सचिन म्हणाला.

"मंग? गाडीत नातं न्हाई पाहायचं!"

मी टिफिन उघडून दाखला पुढं केला. त्याला ठेच्याचं तेल लागलं होतं, पण तारीख दिसत होती.

*

पुढं सुरक्षा तपासणीत सासूबाईंची पिशवी बाजूला काढली. त्यात सोललेला शेंडीचा नारळ. राजूरच्या गणपतीपुढं ठेवून आणलेला, समुद्राला वाहायला.

"आजी, नारळ आत नेता येत नाही."

"अगं बाई, गणपतीचा हाय!"

"हो आजी, पण नियम आहे."

अण्णा वैतागले. "अगं, तिथं झाडाला लटकून राह्यलेत नारळ!"

"ते काय फुकट हायेत?"

शेवटी तो नारळ त्यांनी त्या तपासणीच्या बाईलाच घ्यायला लावला. "फेकू नको. घरी देवापुढं ठेव. अन् लेकरंबाळं हायेत का तुला?" मागं रांग वाढत होती. मला वाटत होतं, आता विमान चुकणार. विमानाला अजून बराच वेळ होता, असं नंतर कळलं.

अंदमानला पोचल्यावर सासूबाईंना किनाऱ्यावर पडलेला नारळ सापडला. त्यांनी हात जोडून तो समुद्राला वाहिला. पुढच्या लाटेनं तो पायाशी परत आणून टाकला.

सासूबाईंनी तो उचलून पदराला पुसला. "समुद्र बी आपल्यासारखाच हाय. वाया जाऊ देत न्हाई."

*

हॉटेलात आमच्या खोलीत दोन खाटा, एक पंखा. सासूबाईंच्या खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम आणि टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून!

"पूजा, हे टॉवेल कुणी असे पिळून ठेवले गं?" म्हणत त्यांनी हंस उलगडले आणि एकानं ओवीचं डोकं पुसलं. पाकळ्या गोळा करून देवाच्या डबीत भरल्या.

मी सचिनकडे बघितलं. सचिननं खिडकीतून समुद्राकडे बघितलं.

टेबल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. मी दुपारपासूनच तयार. लग्नातली निळी साडी, जिचा ब्लाउज शबानानं बाजूनं उसवून दिला होता. ओवीला सासूबाईंकडे सोपवायचं, आणि खाली जायचं. एवढंच.

निघताना मी ओवीच्या कपाळाला हात लावला. गरम वाटलं.

"उन्हात खेळली म्हणून," सचिन म्हणाला.

थर्मामीटर लावला. ताप नाही. पण नीट लागला नसेल तर? परत लावला. नाही. मग मला वाटलं, थर्मामीटरच बिघडला असेल. म्हणून तो स्वतःला लावून बसले, सचिनला लावला. सचिन दारात उभा, एक चप्पल पायात.

"पूजा, जेवण थंड होईल."

"दोनच मिनिटं."

तेवढ्यात जिन्यावर रिसेप्शनवरच्या बाईंचा आवाज आला. त्यांनी शेजारच्या खोलीचं दार वाजवून अण्णांचं पूर्ण नाव घेतलं, मागं "सर अँड मॅडम" लावलं. आम्ही बाहेर येईपर्यंत त्यांनी सासूबाईंचा हात हातात धरलेला. दुसऱ्या हातानं त्यांच्या अंबाड्यात फूल खोवलं. सासूबाई नको नको म्हणत चालल्या होत्या. अण्णा मागं, टोपी नीट करत.

सचिन पुढं झाला. "अहो मॅडम, ते आमचं..."

मी त्याचा शर्ट मागून धरला. का धरला, मला तेव्हाही कळलं नाही. ओवी खाली बसून थर्मामीटर चाटत होती.

मग आम्ही तिघं हॉटेलच्या समुद्राकडच्या पायरीवर बसलो. मी निळ्या साडीत. डब्यातून उरलेल्या दशम्या काढल्या, ठेचा काढला. ओवीचं कपाळ गार लागत होतं.

तिकडं पडदे हलत होते, कंदील लागले होते. वाढणारा आला की सासूबाई सवयीनं उठून अण्णांना वाढायला लागायच्या. घरात त्या कधीच सोबत जेवत नाहीत. आधी सगळ्यांचं, मग त्यांचं, उभ्या उभ्या. अण्णा हातानं खूण करत होते, बस, बस. त्या बसल्या. खुर्चीच्या अगदी टोकावर, एसटीत तिघांच्या सीटवर चौथी बाई बसते तशा.

दोघं समोरासमोर जेवत होते. मधे अख्खं टेबल.

मग अण्णांनी आपली खुर्ची उचलली, वाळूतून ओढत त्यांच्या शेजारी आणली, आणि तोच जुना आवाज अख्ख्या किनाऱ्यावर घुमला.

"पुढं सरका, पुढं सरका! जागा हाय!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे मात्र हलत होते.

*

परत आल्यावरची पहिली भिशी सुरेखाताईंकडे होती. सासूबाई म्हणाल्या, मी बी येते. शबानानं त्यांना दारातच गाठलं.

"आई, सांगा ना, पूजाबाजीचा हनिमून कसा झाला?"

सासूबाई आरामात भिंतीला टेकल्या. पाय पसरले. ओवीला माझ्याकडे दिलं.

"लई झकास झाला," त्या म्हणाल्या. "पूजा आल्ती ना सोबत, लेकरू सांभाळायला."