शरणप्पांचा घास

शरणप्पा मुखेड डेपोत एसटीचे ड्रायव्हर. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. पण लातूरच्या त्या नव्या रेस्टॉरंटात, भर दुपारी, एसीत बसून त्यांच्या पाठीला घाम फुटला होता.

लेक ऋतुजा दातांची डॉक्टर झाली, त्याचं हे जेवण. बायको सिंधूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. शरणप्पांनी चार सबबी सांगून पाहिल्या. ड्युटी आहे, पोट बिघडलंय. एकही चालली नाही.

त्यांना भीती जेवणाची नव्हती. तोंडाची होती.

वर्षभरात त्यांचं तोंड उघडेनासं झालं होतं. गाडीवर झोप येऊ नये म्हणून वीस वर्षं गुटख्याची पुडी खाल्लेली. आधी तिखट झोंबायला लागलं. मग जांभई अर्ध्यावर अडायला लागली. दिवाळीत डाव्या गालाला आतून काहीतरी टणक लागलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्या दिवशी पुडी सोडली. आता ते हरभऱ्याएवढं झालं होतं. दिवसातून शंभरदा ते जिभेनं चाचपायचे. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं वाटायचं.

घरी निभावून जायचं. भाकरी वरणात कुस्करायची, बारीक काला करायचा, बोटांनी आत सारायचा. सिंधूबाई म्हणायच्या, "म्हातारे झालात की ओ." ते हसायचे. ओठ मिटून.

इथं कुस्करायला काही नव्हतंच. काळ्या दगडावर रुपयाएवढ्या तीन भाकऱ्या आल्या. कडक. वर पिठल्याचा फेस.

"अगं, हे चव बघायला दिलंय का?" सिंधूबाईंनी विचारलं.

"हेच जेवण आहे, आई."

"मग घरून डबा आणला असता की माय."

ऋतुजा खळखळून हसली. तेवढ्यात शरणप्पांनी आपली भाकरी रुमालाखाली सरकवली.

मग वेटर आला. अदबशीर माणूस. तीन चमच्यांत तीन पांढरे गोळे, लिंबाएवढे.

"सर, हा मठ्ठ्याचा गोळा. वरचा पापुद्रा नाजूक आहे. चावायचा नाही. अख्खा तोंडात ठेवायचा, आपोआप फुटतो."

सिंधूबाईंनी डोळे मिटून गोळा तोंडात टाकला. "अगं बाई! फुटला की!"

"अप्पा, आता तुम्ही."

"थांब जरा."

"थांबलं की बिघडतो तो."

वेटर हात मागे बांधून उभा. लेक बघतेय. बायको बघतेय. शरणप्पांनी चमचा उचलला. त्यांनी होता तेवढा जोर लावला. जबडा हललाच नाही. गोळा दातांवर आपटून फुटला. मठ्ठा हनुवटीवरून शर्टावर ओघळला.

"बघा! लेकरावानी करून राहिले," सिंधूबाई हसत म्हणाल्या.

ऋतुजा हसली नाही. ती त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"अप्पा, तोंड उघडा."

"अगं, सांडलं जरा."

"उघडा."

"इथं? लोकांत?"

"मग चला, हात धुवायला."

बेसिनपाशी तिनं मोबाइलचा उजेड पाडला. शरणप्पांनी बेसिनची कड घट्ट धरली.

"मोठा आ करा."

"एवढाच होतो."

एरवी ही पोर फोनवर अर्धा अर्धा तास बोलायची. आज कोणाची दाढ काढली, कोण कसं ओरडलं. आता ती गप्प होती. तिचं बोट गालाच्या आतून सरकत त्या टणक जागी आलं आणि थांबलं. शरणप्पांना त्या गप्प राहण्याची सगळ्यात जास्त भीती वाटली.

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीत मी घरीच होते, अप्पा."

ते नळाकडे बघत राहिले. नळ थेंब थेंब गळत होता.

"कॅन्सर हाय का, माय?"

"तुकडा काढून तपासावा लागेल. आत्ता नाही सांगता येत." आवाज डॉक्टरचा होता. पण मोबाइलचा दिवा बंद करायला तिला तीनदा बोट लावावं लागलं. "उद्या सकाळी आमच्या कॉलेजच्या मॅडमकडे जायचं. आज मुक्काम इथंच."

"तुझ्या आईला सांगू नको आत्ता. जेवू दे तिला."

"मी नाही सांगणार," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही सांगायचं."

टेबल पंधरा पावलांवर होतं. सिंधूबाईंनी वेटरला धरलं होतं. "ह्या पिठल्यात सोडा टाकता का ओ? असा फेस कसा येतो?" तो काहीतरी सांगत होता, त्या मान डोलावत होत्या. आज त्या फार खुशीत होत्या.

शरणप्पा बसले. त्यांनी बायकोचा हात धरला. चारचौघांत कधी धरला नव्हता.

सिंधूबाईंनी हाताकडे पाहिलं, मग लेकीकडे. "काय झालं?"

"सिंधू, माझं तोंड उघडंना."

"उघडंना म्हंजे?"

शरणप्पांनी सिंधूबाईंकडे तोंड केलं, आणि जेवढं उघडत होतं तेवढं उघडून दाखवलं.