इतिवृत्तातला ‘येतो’

माझ्या थोरल्या जाऊबाई पक्षाच्या प्रदेश कार्यालयात बावीस वर्षं बैठकांचं इतिवृत्त लिहितात. कोण आलं, कोण काय बोललं, काय ठरलं, सगळं त्यांच्या जाड वहीत. प्रत्येक नोंदीची सुरुवात ‘हजर’ या शब्दाने होते, म्हणून कार्यालयात त्यांचं नावच हजरबाई पडलंय. बैठकीतून कोण किती वाजता उठलं आणि किती वाजता परत बसलं, हेही त्या टिपतात. एका उपाध्यक्षांनी एकदा हात जोडले होते, ‘बाई, लघुशंकेचं तरी सोडा!’ बाईंनी सोडलं नाही. घरीही तोच कारभार. माझ्या हातून दूध उतू गेलं तर त्या रागावत नाहीत, किती वाजता गेलं ते सांगतात. त्याचा मला जास्त राग येतो.

थोरले दीर गेले तेव्हा जाऊबाई एकतीस वर्षांच्या होत्या. प्रदेशाध्यक्षांनी स्वतः बोलावून त्यांना ही नोकरी दिली. तेव्हा ते साधे सरचिटणीस होते, नंतर अध्यक्ष झाले आणि चौदा वर्षं त्या खुर्चीवरून हलले नाहीत. त्यांना हलवायचं असं कार्याध्यक्षांच्या गटाने ठरवलं, आणि एका रविवारी कार्यकारिणीच्या बैठकीत त्याला तोंड फुटलं. आवाज चढले. कोणीतरी टेबलावर फाईल आपटली. अध्यक्ष उठले, चष्मा खिशात घातला, ‘येतो’ म्हणाले आणि बाहेर पडले. त्यांची माणसं त्यांच्या मागोमाग गेली. उरलेल्यांनी कार्याध्यक्षांना खुर्चीवर बसवलं आणि दहा मिनिटांत ठराव करून टाकला: आजपासून हेच नवे अध्यक्ष.

आता खरी मेख त्या एका शब्दात होती. पक्षाच्या घटनेत लिहिलंय, अध्यक्ष बैठक सोडून निघून गेले तर उरलेल्यांना ती पुढे चालवता येते. पण ते थोड्या वेळासाठी बाहेर गेले असतील तर त्यांची वाट पाहावी लागते. आणि आपल्याकडे निघून जाणारा माणूस कधी ‘जातो’ म्हणत नाही, तोही ‘येतो’च म्हणतो. अध्यक्षांचा गट म्हणाला, ‘येतो म्हणजे परत येतो, म्हणून ठराव रद्द.’ कार्याध्यक्षांचा गट म्हणाला, ‘येतो म्हणजे निरोप घेतला, म्हणून ठराव पक्का.’ गोंधळात तो शब्द नीट ऐकला होता तो शेजारी बसलेल्या हजरबाईंनीच. वहीत एवढंच होतं: ‘४ वाजून १० मिनिटांनी अध्यक्ष “येतो” म्हणून बाहेर गेले.’

गुरुवारी बारा वाजता मुख्यालयातून निरीक्षक येऊन निकाल देणार होते.

मी काही धुतल्या तांदळासारखी नव्हते, तेही सांगते. आमचे हे अठरा वर्षं पक्षात. खुर्च्या मांडायच्या, सतरंज्या उचलायच्या, पोस्टरं चिकटवायची, आणि व्यासपीठावर मात्र दुसऱ्यांनी बसायचं. कार्याध्यक्षांनी यांना शब्द दिला होता, ‘मी अध्यक्ष झालो की तू जिल्हाध्यक्ष.’ ते ऐकल्यापासून हे झोपेतसुद्धा हसायचे. जाऊबाईंनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता, आणि जाऊबाई आमच्याच घरात, आमच्याच ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या!

सोमवारी कार्याध्यक्षांचा माणूस फुलांचा गुच्छ घेऊन आला. ‘बाई, येतोच्या पुढे कंसात “निरोप घेऊन” एवढं टाका.’ मंगळवारी अध्यक्षांचा माणूस रिकाम्या हाताने आला आणि बसलासुद्धा नाही. ‘ज्यांनी तुम्हाला पोटाला लावलं त्यांचा विचार करा. येतोच्या आधी “लगेच” लिहा.’ जाऊबाईंनी दोघांना चहा दिला आणि वही कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. बुधवारी सकाळपासून समोरच्या फुटपाथवर एक मोटरसायकल उभी राहिली. तिच्यावरची दोन माणसं आमच्या दाराकडे बघत बसली होती. मी पडदा लावला की जाऊबाई येऊन तो उघडत. फोन सारखा वाजत होता. स्वतः अध्यक्षांचा फोन काही आला नाही. ‘त्यांनी केला असता तर बरं झालं असतं,’ जाऊबाई एकदा म्हणाल्या, ‘नाही म्हणायला तोंड तरी मिळालं असतं.’

गुरुवारी सकाळी त्या मटार सोलत बसल्या होत्या. मला राहवेना.

‘जाऊबाई, त्यांना काय म्हणायचं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मला फसवू नका.’

‘माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला.

‘परत यायचं असलं की ते “आलोच” म्हणतात. फोन आला, आलोच. औषध घ्यायचंय, आलोच. घरी जायचं असलं की “येतो”. बावीस वर्षांत एकदाही उलटं झालेलं नाही. रविवारी ते घरी निघाले होते.’

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. यांचा चेहरा तर असा फुलला की विचारू नका.

‘मग घोडं अडलंय कुठे?’ मी म्हटलं.

‘तुमच्यापाशी. मी हे बोलले की सगळे म्हणणार, दिराच्या पदासाठी बोलली. निरीक्षकसुद्धा म्हणतील. माझं खरं असून खोटं ठरेल.’ त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. ‘भाऊजी, मला लिहून द्या. नव्या अध्यक्षांकडून कुठलंही पद घेणार नाही, कधीच. तो कागद आधी टेबलावर ठेवते, मग बोलते. नाही दिलात तर वहीत आहे तेवढंच वाचून दाखवीन आणि गप्प बसेन.’

माझा तोल गेला. ‘आणि यांची अठरा वर्षं? ती काय वाऱ्यावर सोडायची? तुमच्या नावाला डाग लागू नये म्हणून?’

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्यासाठीच.’

साडेनऊ झाले होते. हे उठून गॅलरीत गेले. मी मागे गेले. समोर मोटरसायकल होतीच. ‘नका हो लिहू,’ मी म्हटलं, ‘त्या बोलतील. आयत्या वेळी बोलतीलच.’

‘वहिनी? त्या एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी बोलायच्या नाहीत.’ हे कठडा धरून उभे होते. ‘त्या गप्प बसल्या तर आपण हरलो. बोलल्या तर आपण जिंकलो. फक्त मी नाही जिंकलो.’

दहा वाजून वीस मिनिटांनी यांनी कागद मागितला. चार ओळी लिहायला किती वेळ लागतो? यांना अर्धा तास लागला. सही करायच्या जागी पेन थांबलं तेव्हा मला वाटलं, आता फाडतील. फाडला नाही. जाऊबाईंनी कागद वाचला, तारीख राहिली होती ती घालून घेतली आणि घडी करून वहीत ठेवला.

त्यांच्याबरोबर मीही गेले. मोटरसायकल आमच्या रिक्षाच्या मागे कार्यालयापर्यंत आली. मी व्हरांड्यात बाकावर बसले. सभागृहाचं दार फुगलेलं आहे, ते नीट लागत नाही, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

जाऊबाईंनी आधी यांचा कागद वाचून दाखवला. आतून कार्याध्यक्षांचा आवाज आला, ‘अहो, याची काय गरज होती?’ मग जाऊबाईंनी ‘आलोच’ आणि ‘येतो’ यांतला फरक सांगितला, दुधाची वेळ सांगावी तशा सुरात. एकदम आरडाओरडा झाला. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजले!’ कोणीतरी किंचाळलं. खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि मी दारापर्यंत धावले. आत दोघेतिघे जाऊबाईंच्या टेबलाकडे सरकले होते. त्या उभ्या होत्या, वही छातीशी धरून.

‘सगळे खाली बसा,’ निरीक्षक म्हणाले. मग अध्यक्षांकडे वळले. ‘तुमचं काय म्हणणं आहे?’

अध्यक्षांचीच माणसं त्यांच्याकडे डोळे लावून होती. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘बाई म्हणतात ते खरं आहे. मी घरीच निघालो होतो. परत यायचा विचार मला गाडीत बसल्यावर सुचला.’

त्यानंतर पाच मिनिटांत सगळं आटोपलं. ठराव पक्का झाला. निरीक्षक म्हणाले, ‘बाई, लिहून घ्या.’ त्या बसल्या आणि लिहू लागल्या. पहिली ओळ हजर माणसांची, दुसरी यांच्या कागदाची.

त्या बाहेर आल्या तशी मी त्यांचा दंड धरला. ‘त्यांनी स्वतःच कबूल केलं! मग आता कागदाचं काय काम? परत मागून घ्या.’

‘नोंद झाली. पान सत्तावन्न.’

‘मग खोडा ना!’

‘खोडत नाही मी.’ त्यांना पेनाचं टोपण काही केल्या लागेना. शेवटी मीच लावून दिलं.

आठ दिवसांनी पेपरात यादी आली. जिल्हाध्यक्षपद गेलं दोन वर्षांपूर्वी विरोधकांच्या व्यासपीठावरून आमच्याच पक्षाला शिव्या घालणाऱ्या माणसाला. त्याच्या सत्काराला हे गेले आणि सवयीने खुर्च्याही मांडून आले. घरी येऊन जेवायचं नाही म्हणाले. मी तरातरा जाऊबाईंच्या खोलीत गेले.

‘तुमच्या खरेपणापायी जाळायला आमचंच घर सापडलं का?’

त्या पलंगावर बसल्या होत्या. ‘दुसऱ्या कोणाकडे मागायला मला हक्क होता का गं?’ त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. थोरले दीर गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी जवळ गेले नाही. राग होता, अजूनही आहे. जिल्हाध्यक्ष झाल्यावर घालायला म्हणून आणलेला यांचा नवा शर्ट कपाटात घडी न मोडता पडलाय, तो दिसला की भडकाच उडतो.

काल वाण्याच्या दुकानात शेजारीण माझ्या कानाला लागली. ‘तुमच्या जाऊबाईंनी दिराचं अगदी वाटोळंच केलं, नाही का हो?’ तिचं शेवटचं अक्षर तोंडातून पडायच्या आत मी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘केलं असेल. त्या आमच्या आहेत. ते आम्ही घरात बघून घेऊ.’