कप्तान घरी पोचला का?

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, तेव्हा मी लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे, माफ करा.

उल्हासनगरात एक सिंधी रद्दीवाले काका जुन्या वर्तमानपत्रांच्या बदल्यात तेवढ्याच वजनाची पुस्तकं द्यायचे. तिथे मला समुद्रसफरीची एक जुनी मराठी कादंबरी मिळाली. तिची शेवटची पानं फाटलेली होती. काकांना मराठी वाचता येत नसे, म्हणून तराजूशेजारी बसून मी त्यांना ती गोष्ट सांगितली. पुढे दर भेटीत ते विचारायचे, "क्यों पढाकू, कप्तान घर पहुँचा क्या?"

यंदा कॉलेजच्या लायब्ररीत तीच कथा आजच्या मुलांसाठी नव्याने लिहिलेली सापडली. तिच्यात कप्तान मुलगी आहे आणि ती घरी पोचते. पण काकांना खरा शेवट सांगायचा म्हणून मी अंबरनाथ-बदलापूरच्या वाचनालयांत जुनी प्रत शोधत राहिलो. दोन महिन्यांनी ती मिळाली. तिच्यात कप्तान वाटेतच बुडतो.

काकांना नवाच शेवट सांगायचा, असं ठरवून मी गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा जीन्सवाला म्हणाला, "अंकल तो पिछले महीने गुजर गए."