माहेरचा धूर

मी लहानपणापासून नाजूक. ही पदवी माझी मीच घेतलेली. शाळेत खो-खोचा एक डाव खेळले की छाती भात्यासारखी वरखाली व्हायची आणि बाई मला सावलीत बसवायच्या. बाकीच्या पोरी धुळीत लोळत असायच्या. आपण म्हणजे चुकून शेतकऱ्याच्या घरी जन्मलेली राजकन्या आहोत, अशी माझी पक्की समजूत होती. झोपेत राजकन्येच्या छातीतून शिट्टी का वाजते, हा प्रश्न तिला पडला नाही.

आमचं गुऱ्हाळ राहू गावच्या शिवारात, घराला अगदी लागून. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवायचा तर खाली सतत जाळ लागतो. पूर्वी पिळलेल्या उसाचं वाळलेलं चिपाड पुरायचं. ते कमी पडायला लागलं तसं ट्रकमधून भंगार यायला लागलं. प्लॅस्टिक, रबराचे तुकडे आणि जुन्या चपला. चपलांचा तो ढीग म्हणजे माझा मॉल होता. एकदा त्यात चमचम करणारी सँडल सापडली आणि बरंच उकरल्यावर दुसरीही मिळाली. दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. तरी मी त्या घालून शाळेत गेले आणि दिवसभर ऐटीत लंगडले.

धुराचा रंग बघून खाली काय जळतंय ते मी ओळखायचे. पाहुणे आले की हा प्रयोग व्हायचा आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, कौतुकानं सगळ्यांकडे बघायचे. थंडीत माझा खोकला वाढला की आई मला शाल गुंडाळून जाळाजवळ उबेला बसवायची. हातात गरम रसाची वाटी असायची. मला त्या आजारपणाचं सुख वाटायचं, खोटं कशाला बोलू.

लग्न होऊन मी शिरूरला आले. नवरा कंपनीत, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बिल्डरच्या बोलण्यात. जिना चढताना मला दम लागायचा. त्याचं खापर मी वाढत्या वजनावर फोडायचे, नाहीतर बिल्डरवर. पोटुशी असताना सातव्या महिन्यात मात्र मी दुसऱ्या मजल्यावरच बसले ते मला उठवेना, तेव्हा नवऱ्यानं छातीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी एका नळीत फुंकायला सांगितलं. मी जीव खाऊन फुंकलं.

"छान," त्या म्हणाल्या, "आता जोरात फुंका."

मग त्यांनी माझं सगळं लहानपण विचारून घेतलं. मीही रंगात येऊन चपलांच्या ढिगाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला दमा आहे आणि तो जुना आहे. फुप्फुसं लहानपणी वाढतात. त्या वयात रोज असला धूर छातीत गेला तर काहींची वाढ कमी पडते आणि ती पुढे भरून निघत नाही. तुमचं नक्की त्यामुळंच झालं, असं आज मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण बाळाला तिथं ठेवू नका."

माझं संस्थान तिथल्या तिथं खालसा झालं. घरी येऊन मी खूप रडले आणि मग मला भयंकर राग आला. पण काढणार कोणावर? त्याच गुऱ्हाळानं मला बी. कॉम. केलं होतं.

आणि खरी पंचाईत पुढंच होती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आईच्या दुपट्यांचा ढीग तयार होता. आप्पांनी खोलीला गुलाबी रंग देऊन फोटो पाठवला होता. त्या खोलीची खिडकी कुठं उघडते ते मला माहीत होतं. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमच्या घरची हवा माझ्या बाळाला चालणार नाही?

मी शूर बाईसारखा निर्णय घेतला: थापा मारायच्या.

"आप्पा, रस्ता लई खराब हाय हो. एवढ्या दणक्यात कशी येऊ?" मी फोनवर म्हणाले.

आप्पांनी आठवड्याभरात वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर मुरूम टाकून घेतला. मग मी म्हणाले, तिकडं रेंज नाही, यांना बाळ दिसायचं कसं? तर घरावर वायफायचा डबा बसला. विजेचं नाव काढलं तर इन्व्हर्टर आला. डासांचं बोलायला आणि जाळीवाला दारात उभा राहायला एकच गाठ पडली. मी आणखी महिनाभर खोटं बोलले असते तर आमच्या वस्तीवर विमान उतरलं असतं.

शेवटी आप्पांचाच फोन आला. "आता काय ऱ्हायलं का बाई? सोमवारी गाडी घिऊन येतो."

आता थाप सुचेना. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "आप्पा, धूर."

"धूर?" ते म्हणाले. "आगं, तू ह्याच धुरात वाढलीस की. काय झालं तुला?"

मग मी सगळं सांगितलं. नळी, दमा, जिना, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. सांगताना मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला आणि त्याचीही मला लाज वाटली. पलीकडून काहिलीतला रस ढवळायचा आवाज ऐकू येत होता.

"आपलं चिपाडावर चालवू," आप्पा हळू म्हणाले. "पर शेजारच्या गुऱ्हाळांचं काय करू? वारं काय आपलं ऐकत न्हाई." आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी गाडी आली. तिच्यातून आई उतरली, दुपट्यांची बोचकी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. ऐन हंगामात तिनं गुऱ्हाळ सोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आप्पा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. तू जा म्हनले."

गावात मात्र बोलणारे बोलले. शिरूरची हवा लागली, लेकीनं माहेर टाकलं, वगैरे. मी नेहमीप्रमाणे ते मनावर घेतलं आणि नेहमीप्रमाणे कोणालाच काही बोलले नाही.

मुलगी झाली. सगळी माणसं येऊन गेली, आप्पा काही येईनात. गडी मिळत नाही, काहील तापलीय, अशी कारणं यायची. थापा मारण्यात मी कुणावर गेले ते तेव्हा मला कळलं. बारशाच्या आदल्या दिवशी मात्र ते आले. नवा शर्ट होता, कॉलरखालचा पुठ्ठाही काढायचा राहिलेला. अंगाला साबणाचा वास असा की दोन वड्या संपवल्या असाव्यात. ते दारातच थांबले, हात पाठीमागं बांधून.

"हितनंच बघतो," म्हणाले. "कपडे नवं हायत, पर क्येसात बसलेला धूर जात न्हाई."

मी धूर नको म्हणाले होते. माझा बाप दारात उभा राहील, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी त्यांना हाताला धरून आत आणलं, कॉटवर बसवलं आणि लेक त्यांच्या मांडीवर ठेवली. ते हलेनात. नुसते तिच्या छातीकडे बघत राहिले, ती कशी वर होते, खाली होते ते.

तेवढ्यात ती शिंकली. बारीकशी, मांजराच्या पिल्लाएवढी शिंक. आप्पांनी घाबऱ्या घाबऱ्या तिला उचलून माझ्याकडे दिलं.

"घे, घे तिला."

"अहो आप्पा, लेकरं शिंकायचीच," मी हसून म्हणाले.

"तुझ्या येळंला आमी बी असंच म्हनायचो," आप्पा म्हणाले आणि पुन्हा हात धुवायला मोरीकडे गेले.