पिक्चरचा आवाज गेला तेव्हा

येरवड्याकडच्या सॉफ्टवेअर कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगाराच्या आनंदात मी आईला नव्या मल्टिप्लेक्समध्ये घेऊन गेले. तिनं सिनेमाभर पदर अंगाभोवती गुंडाळून घेतला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "छान आहे गं. पण इथे कुणी बोलतच नाही. दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं."

म्हणून पुढच्या रविवारी ती मला तिच्या आवडत्या, पेठेतल्या जुन्या थिएटरात घेऊन गेली. तिथे गारव्यासाठी भिंतीवरचे पंखे होते आणि ते पडद्यापेक्षा मोठ्यानं बोलायचे. खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं होतं. आत शिरताच पाटी होती : 'पुढच्या खुर्चीवर पाय ठेवू नयेत. ती दुसऱ्याच्या बसण्यासाठी आहे.' गर्दी मात्र भरपूर. कॉलेजची पोरं, कारखान्यातून सुट्टी असलेले कामगार, डब्यात घरच्या चकल्या घेऊन आलेल्या बायका. आईनं हाच पिक्चर बुधवारी शेजारच्या काकूंबरोबर पाहिला होता, हे तिनं मला तिकिटं काढल्यावर सांगितलं. "पुन्हा पाहिला तर काय बिघडलं?" म्हणाली.

पिक्चर एका सुनेचा होता. तिला शहरात नोकरी लागलेली असते, आणि सासूला ते पसंत नसतं. मध्यंतरानंतर सासू आजारी पडते, सगळं घर पलंगाभोवती गोळा होतं, सून हात जोडून काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि नेमका आवाज गेला.

शिट्ट्या झाल्या. खुर्च्या आपटल्या. शेवटी दारातून मॅनेजर आले.

"ओरडू नका. यंत्र बिघडलंय, माणूस बघतोय."

"मग पिक्चर थांबवा की!" कुणीतरी ओरडलं.

"चित्र दिसतंय ना? मग अर्धा पिक्चर चालू आहे," असं म्हणून ते निघूनही गेले.

मी हसत होते. तेवढ्यात आई माझ्या कानाशी लागून सांगायला लागली, "आता सासू म्हणते, माझ्या घराचं वाटोळं केलंस." पुढच्या रांगेतल्या बाईनं मान वळवली. "अहो ताई, तुम्ही पाहिलाय का? मग जरा मोठ्यानं सांगा ना, आम्हालाही कळू दे."

माझी आई सरकारी कचेरीत कारकून होती. दिवसभरात 'हो साहेब' आणि 'बघते साहेब' याच्यापलीकडे ती फारसं बोलत नसे. मला वाटलं, लाजेल. पण ती पिशवी माझ्या मांडीवर ठेवून उभी राहिली. मीच अवघडून खाली बघायला लागले.

सासूचा आवाज तिनं किरकिरा काढला, नवऱ्याचा जाड. नवरा नुसता जांभई दिल्यासारखा तोंड उघडत होता, तेव्हा ती म्हणाली, "हा काहीच बोलत नाही. पिक्चरभर असाच आहे." सगळं थिएटर हसलं. माझी मान आपोआप वर आली.

मग सून बोलायला लागली. पडद्यावर ती रडत हात जोडत होती. आई खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, तुमची सेवा मी करीन, पण नोकरी सोडणार नाही. स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करू. तुमच्या मुलाला हात आहेत!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाल्कनीतून शिट्टी आली. पडद्यावर सासूनं सुनेला जवळ घेतलं, तर आई म्हणाली, "सासू म्हणते, मलाही तुझ्यासारखं करता आलं असतं, तर बरं झालं असतं."

आणि खर्रकन आवाज आला. सून हुंदके देत म्हणत होती, "मी चुकले हो आई! उद्याच राजीनामा देते. हे घर हेच माझं जग!"

मग चकलीवाल्या बाई ओरडल्या, "बंद करा तो आवाज!" आणि एकच गलका उडाला. कॉलेजची पोरं तर "काकू, काकू!" म्हणून टाळ्यांचा ठेकाच धरून बसली. आई चटकन खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून इतकी हसली, की तिला ठसका लागला.

बाहेर पडताना दारात मॅनेजर उभे होते. आईकडे बघून म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेला येण्याआधी कळवत जा. यंत्र दुरुस्त करायची घाई करणार नाही."

स्कूटरवर मी विचारलं, "तू सगळं मनाचंच सांगितलंस ना?"

"मग? बुधवारी तो शेवट बघून माझं डोकं दुखलं होतं."

घरी पोचेपर्यंत तिचा घसा पार बसला. बाबांनी दार उघडलं आणि विचारलं, "काय झालं गं आवाजाला?"

"पिक्चरचा आवाज गेला होता," ती कशीबशी म्हणाली.

"पिक्चरचा गेला, तर तुझा कसा बसला?"

आम्ही दोघी दारातच हसत सुटलो. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन आमच्याकडे बघत उभे.