सिस्टरांच्या परसातल्या माश्या

सिस्टरांनी सगळी नोकरी रात्रपाळीत काढली. संध्याकाळी इस्पितळातल्या बायकांच्या वॉर्डात शिरायचं आणि सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग घरी यायचं. लेक लहान होती तेव्हा दिवसा घरात कुणीतरी हवं म्हणून ही पाळी त्यांनी मागून घेतली होती. लेक मोठी झाली, पण पाळी तोवर अंगवळणी पडली होती. गल्लीतली पोरंसोरं, भाजीवाली, समोरचा शिंपी, सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. इतकंच काय, नवराही तेच म्हणायचा. "सिस्टरशी लग्न केलेला जगात मी एकटाच," असं तो पाहुण्यांना सांगायचा. विनोद इतका जुना झाला होता की पाहुणे आधीच हसून मोकळे व्हायचे.

नवऱ्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. बाजारात त्यांना किल्लीवाले म्हणत. ते सकाळी निघत तेव्हा सिस्टर येत, आणि ते परतत तेव्हा सिस्टर चपला घालत असत. दोघांचा संसार असा उंबरठ्यातच झाला. 'भाजी झाकून ठेवलीय', 'नळ गळतोय', 'लेकीला ताप नाही आता', एवढ्यात बोलणं आटपायचं. भांडायला वेळच मिळाला नाही म्हणून आपला संसार टिकला, असं सिस्टरांचं स्पष्ट मत होतं.

मग त्या निवृत्त झाल्या, किल्लीवाल्यांनीही दुकान पुतण्याच्या हाती दिलं, आणि दोघं पहिल्यांदाच दिवसाउजेडी एकमेकांच्या समोर आली. रात्री सिस्टरांचा डोळा लागेना. दिवसा मात्र जिथे बसतील तिथे मान कलायची. झोपेच्या खोलीला इतकी वर्षं जाड पडदे होते. ते काढले तेव्हा मागच्या दारी केवढं तरी ऊन पडलेलं दिसलं. सिस्टर खिडकीत बघतच राहिल्या.

"अहो, हे लिंबाचं झाड कुणी लावलं?"

"तू," किल्लीवाले म्हणाले. "दोन कामांच्या मधे कधीतरी. पाणी मी घालतोय."

परगावच्या लेकीला आईची ही गत फोनवर कळत होती. तिने परस्पर एक काम केलं. मधमाश्यांच्या पेट्या लोकांच्या परसात ठेवणारी एक संस्था तिने शोधली आणि पेटी ठरवून टाकली.

"आई, तुला काडीचंही काम नाही," ती म्हणाली. "पेटी त्यांची, माश्या त्यांच्या, देखभाल त्यांची. आपली फक्त जागा. वर थोडा मध मिळेल."

"म्हणजे भाडेकरूच की," मागून किल्लीवाले म्हणाले. "आणि तेही डंख मारणारे!"

पेटी घेऊन जी बाई आली तिला सिस्टर पहिल्या दिवसापासून मधवाली म्हणू लागल्या. तिशीतली, उंच, पांढऱ्या अंगरख्यातली. तिने परसात एक फेरी मारली, ऊन कुठून येतं ते पाहिलं आणि भिंतीकडे पाठ करून पेटी ठेवली. बाजूला पसरट थाळीत पाणी ओतलं आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात खडे टाकले. "दारासमोर उभं राहायचं नाही. त्यांची जाण्यायेण्याची वाट असते. मागे कितीही वेळ बसा, काही म्हणणार नाहीत," ती म्हणाली. एक आठवडा सोडून ती यायची, धुराचं भांडं पेटवायची, झाकण उघडून पोळं लागलेली एकेक चौकट उचलून बघायची. राणी आहे, अंडी आहेत, सगळं ठीक आहे, असं सांगून जायची.

किल्लीवाल्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी ठोकून घेतली आणि परसाचं नाव सोडलं. सिस्टरांनी मात्र दुपारी वेताची खुर्ची पेटीच्या मागे नेली. फळीला कान लावला. आत कुणी बोलत नव्हतं, कुणी गातही नव्हतं. पण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. वॉर्डातले दिवे मंद केल्यावर, शेवटची कण्हणारी बाईसुद्धा शांत झाल्यावर, सगळ्या खाटा मिळून जसा एकच श्वास घेतात, तसा तो होता. उबदार, जड, वर येणारा आणि खाली जाणारा. ऊन पापण्यांवर आलं, लिंबाच्या फुलांचा वास आला आणि सिस्टरांची मान कलली.

स्वप्नात त्या खाटांच्या मधून चालत होत्या. चालता चालता खाटा चौकटी झाल्या, आणि प्रत्येक चौकटीत कुणीतरी पांघरूण घेऊन निजलेलं होतं. सगळ्यांची अंगं गार, ताप कुणालाच नाही. हातातल्या दिव्याचा उजेड मधासारखा ओघळत होता आणि कुठेही घंटा वाजत नव्हती. जाग आली तेव्हा एक माशी त्यांच्या मनगटावर बसून पाय पुसत होती. सिस्टरांनी हात तसाच ठेवला. तिचं आटोपलं, ती गेली.

अशा किती दुपारी गेल्या कोण जाणे. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी पेटीतला आवाज त्यांना वेगळा वाटला. भेटीच्या वेळेआधी दाराबाहेर नातेवाइकांची कुजबुज वाढते तसा. उकाड्याने असेल, असं म्हणून त्या आत येऊन कलंडल्या.

त्याच वेळी सरबताच्या ओढीने किल्लीवाले धीर करून परसात गेले. डोक्यावर टोपी घातली, लिंबाखाली स्टूल ठेवलं आणि वर चढले. तेवढ्यात फाटक्या पिशवीतून डाळ सांडावी तशा पेटीतून माश्या बाहेर सांडू लागल्या. बघता बघता परसातली हवाच तपकिरी झाली. ती सगळी हवा गरगर फिरत लिंबाकडे आली आणि किल्लीवाल्यांच्या खांद्यालगतच्या फांदीला लगडू लागली. थोड्या त्यांच्या बाहीवर उतरल्या, थोड्या टोपीवर.

"सिस्टर!"

ही हाक रोजच्या थट्टेतली नव्हती. अशी हाक सिस्टरांनी आयुष्यभर ऐकली होती. त्या उठल्या, पण धावल्या नाहीत. वॉर्डात चालायच्या तशा चालत परसात गेल्या.

"हलू नका. हात खाली ठेवा. तोंड मिटा आणि नाकाने श्वास घ्या." मग त्यांनी मधवालीला फोन लावला.

"घर सोडून निघाल्यात," ती म्हणाली. "जुनी राणी अर्धी माणसं घेऊन बाहेर पडते. पोटभर मध पिऊन निघालेल्या असतात आणि राखायला घर नसतं, म्हणून सहसा चावत नाहीत. काकांना उतरवायच्या धांदलीत फांदीला धक्का देऊ नका. मी आलेच."

सिस्टरांनी बादली पालथी घातली आणि नवऱ्यासमोर बसल्या. फांदीवरचा घड वाढत वाढत भोपळ्याएवढा झाला. मग हळूहळू हवा निवळली. घडाच्या अंगावरून अधूनमधून एक लहर जायची, झोपेत कूस बदलल्यासारखी.

"बोलत राहा काहीतरी," किल्लीवाले ओठांच्या फटीतून म्हणाले.

"काय बोलू?"

"रात्री तिथे काय करायचीस तू? इतकी वर्षं?"

हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. सिस्टरांनी थोडा विचार केला. "ऐकायचे," त्या म्हणाल्या. "औषधं देऊन झाली की नुसतं ऐकायचं. कुणाचा श्वास बिघडला ते अंधारात कळायचं. एक म्हातारी होती, ती रोज विचारायची, बाहेर कसं आहे? मी खिडकीशी जाऊन सांगायचे. चांदणं आहे, वारा पडलाय. कधी नुसतंच धुकं असायचं, तेव्हा मनचं सांगायचे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कुठे होता ऐकायला? घोरत पडलेले असायचात."

किल्लीवाले हसू आवरून उभे राहिले. मग म्हणाले, "मी दुपारी घरी यायचो."

"कधी? डबा तर तुम्ही सकाळीच न्यायचात."

"डबा दुकानात खायचो आणि यायचो. कुलपांचा धंदा, दार आवाज न करता उघडता यायचं. तू पडद्याआड निजलेली असायचीस, उशाशी घड्याळ, एक हात खाटेबाहेर. जरा वेळ उभा राहायचो आणि परत जायचो. तेवढीच भेट व्हायची."

पदराला चिकटलेली एक माशी सिस्टरांनी बोटावर घेतली आणि फांदीकडे सोडली. आपली झोप कुणीतरी राखत होतं, हे इतक्या वर्षांत त्यांना माहीत नव्हतं. त्या दुपारी पुन्हा एकदा निजून बघाव्यात, असं त्यांना वाटून गेलं.

मधवाली आली. घडाखाली तिने रिकामी पेटी धरली आणि फांदीला एक हिसका दिला. अख्खा घड धप्पकन आत पडला. बाहेर राहिलेल्या माश्या पेटीच्या तोंडाशी शेपट्या उंचावून पंख फडफडवू लागल्या आणि एकेक करून आत चालत गेल्या. किल्लीवाले स्टुलावरून उतरले, सुटलो म्हणून टोपी काढली आणि टोपीत अडकलेल्या एकीने त्यांच्या कानाला कडाडून डंख मारला. सिस्टरांनी नखाने खरवडून काटा काढला.

"जुन्या पेटीत नवी राणी होईल," मधवाली हातमोजे काढत म्हणाली. "ही नवी पेटी मी घेऊन जाते. तुमची हरकत असेल तर दोन्ही नेते. असं झाल्यावर बरेच लोक नको म्हणतात."

सिस्टर काही म्हणायच्या आत किल्लीवाले भजीसारखा सुजलेला कान धरून पुढे आले. "न्यायची कशाला? भिंतीशी आणखी एक मावते की. मी मोजलंय."

"कधी मोजलंत?" सिस्टरांनी विचारलं.

"जाळीतून."

दुसरी पेटी राहिली. वेताच्या खुर्चीशेजारी एक स्टूल आलं. सिस्टरांना रात्री झोप नाहीच लागली पुढेही, ते काही सुधारलं नाही. पण दुपारच्या झोपेआधी थोडं बोलणं होऊ लागलं.

उन्हाळा सरता सरता मधवालीने दोन बाटल्या आणून दिल्या, एकेका पेटीतली एकेक. एकीतला मध फिका, दुसरीतला गडद.

"एकाच परसातला आणि दोन रंग?" किल्लीवाले म्हणाले.

"कोण कुठे जातं ते मला कुठे सांगून जातात," मधवाली म्हणाली.

सिस्टरांनी बोट बुडवलं. फिक्यात लिंबाच्या फुलांचा वास होता. गडद मध जिभेवर जरासा कडू लागला आणि मग कुठल्याशा फुलाचा वास घशात रेंगाळत राहिला. असं फूल गल्लीत नव्हतं.

"लांबचं असणार," किल्लीवाले म्हणाले. "चल, बघून येऊ."

"आत्ता? ऊन आहे."

"ऊन आहे म्हणूनच."

सिस्टरांनी चपला घातल्या. दोघं समोरच्या शिंप्याला दिसली तेव्हा तो मशीन थांबवून बघत राहिला. वाटेतल्या प्रत्येक कुंपणाशी थांबून, माना वर करून, फुलांचे वास घेत ती दोघं पार नदीच्या पुलापर्यंत गेली. झाड त्या दिवशी सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वेगळ्या रस्त्याने निघाली.